सूर एक, आवाज अनेक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलावयाच्या आणि आपण ऐकावयाचे, असा आपला परिपाठ आहे. यंदा कार्यकारिणीने हे काम माझ्यावर सोपविले. मी विदुषी नव्हे, आणि गायिका तर नव्हेच नव्हे. तरीही आज मी गाण्याविषयीच बोलणार आहे. त्याला एक कारण आहे. ते आधी सांगते.

मी अकरा वर्षांची असेन. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्वागतगीत बसत होते. गाणे शिकविणाऱ्या बाई रांगेतून फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या, कान देऊन ऐकले आणि म्हणाल्या, "सुरात आहेस ग, पण तुझा आवाज जाड. इतरांत मिसळत नाही. तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव." मी ओठ हलविले. आई समोर बसली होती. घरी आल्यावर तिने मोठ्या कौतुकाने विचारले, "छान म्हटलेस हो!" त्यावर काय बोलावे ते मला कळेना. तेव्हापासून आरतीलाही माझा आवाज ओठांबाहेर येत नाही, आणि आपल्या भजनात मी टाळ का धरते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

बाईंवर माझा राग नाही. पण "मिसळत नाही" म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. त्याचे उत्तर मला फार दूर, कॅनडातील माँट्रियल शहरी, भाचीच्या घरी राहावयास गेले तेव्हा सापडले.

तिने मला एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला नेले. फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल यांची १९२८ सालची 'बोलेरो' ही रचना होती. तीत एकच चाल पुनःपुन्हा येते, ताशासारख्या लहान ढोलावरचा ठेकाही तोच. बदलतात ती फक्त वाद्ये. मध्येच एक असा आवाज आला की तो बासरीचा म्हणवेना, पेटीचा म्हणवेना. मी भाचीला विचारले, "हे कोणते ग वाद्य?" ती हसून म्हणाली, "मावशी, हे एक वाद्य नाही, चार आहेत!"

हॉर्न नावाचे पितळी वाद्य मूळ चाल वाजवीत होते. सेलेस्टा नावाचे किणकिणणारे वाद्य तीच चाल वरच्या सप्तकांत देत होते. आणि दोन चिमुकल्या बासऱ्या हॉर्नच्या तिप्पट आणि पाचपट कंपनसंख्येवर तीच चाल हळूच वाजवीत होत्या. म्हणजे हॉर्नचा षड्ज धरला, तर एक पंचमावरून आणि दुसरी गांधारावरून. तरी कानाला चार वाद्ये ऐकू न येता एकच नवे वाद्य ऐकू येत होते.

आता ह्यामागचे शास्त्र थोडक्यात. आपल्याकडील गायनाच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सूर तोच, जोर तोच, तरी सारंगी कोणती नि सनई कोणती हे डोळे मिटून ओळखता येते, ती नादाची जाती. १८६३ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, कोणताही सूर एकटा नसतो. त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर दडलेले असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर नादाची जाती ठरते. तंबोरा चांगला लागला म्हणजे कोणीही न छेडलेला गांधार त्यातून आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तोच हा पाचपटीचा सूर! राव्हेलने त्या चार वाद्यांतून असे पोटातले सूर बाहेर मांडले, आणि कानाने ते पुन्हा एका आवाजात गोळा केले.

पुढे असे आढळले की, नुसत्या प्रमाणावर भागत नाही. सूर सुरू कसा होतो, ह्यालाही फार महत्त्व आहे. पियानोचे ध्वनिमुद्रण उलटे वाजविले तर पोटातले सूर तेच असतात, पण ऐकणाऱ्याला तो पियानो वाटत नाही. १९६४ साली अमेरिकेत केनेथ बर्जर यांनी फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचे आरंभ कापून टाकलेले सूर बँडमधील वादकांना ऐकविले, तर रोज वाजविणारेही चुकू लागले. १९७७ साली जॉन ग्रे यांनी सोळा सूर सारख्याच उंचीचे, जोराचे आणि लांबीचे करून, कोणते दोन एकमेकांच्या किती जवळचे वाटतात हे श्रोत्यांना विचारले, आणि त्यावरून नादाच्या जातींचा जणू नकाशाच काढला.

पण वाद्ये एकत्र वाजली की काय होते, हे एकट्यादुकट्याला उलगडणारे काम नव्हे. संगीतकाराला ते हाताने करता येते, पण का साधले ते सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ कानाचे सांगतो, पण त्याला वाद्यवृंदासाठी लिहिता येत नाही. म्हणून माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात स्टीफन मॅकअॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली २०१८ साली 'अॅक्टर' नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. वाद्यवृंदरचनेचे विश्लेषण, निर्मिती आणि अध्यापन हे त्याचे तीन हेतू. संगीतकार, वादक, मानसशास्त्रज्ञ, ध्वनिशास्त्रज्ञ, संगणक जाणणारे असे निरनिराळ्या देशांतील लोक त्यात एकत्र आले.

त्यांची एक पद्धत मला फार आवडली. एकच रचना दोघे जण वेगवेगळे बसून ऐकतात. समोर स्वरलिपी असते. वाद्ये कोठे मिसळली, कोठे वेगळी राहिली, कोठे एक थर पुढे आणि दुसरा मागे गेला, ह्याच्या खुणा प्रत्येक जण करतो. मग दोघे आपापले कागद जुळवतात आणि मतभेद असेल तेथे पुन्हा ऐकतात. एकाच्या कानावर निकाल नाही! हे ऐकले तेव्हा मला शाळेतल्या बाईच आठवल्या.

आणि आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. १९९५ साली ग्रेगरी सँडेल यांनी वाद्यांच्या जोड्या तपासून आपला निष्कर्ष मांडला. ज्या आवाजांत वरचे तीक्ष्ण सूर जास्त, ते मिसळण्यास अवघड. गडद, भरदार आवाज मिसळण्यास सोपे. शिवाय सूर एकाच क्षणी सुरू झाले, तर कान त्यांना एकत्र धरतो. मागेपुढे झाले, तर लगेच वेगळे काढतो. भगिनींनो, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. जाड आवाज मिसळत नाही म्हणून मी ओठ हलवीत राहिले, आणि मिसळण्याच्या कामी जाड आवाजच सोयीचा!

एक सावधगिरीची गोष्ट सांगते. हे प्रयोग वाद्यांवर झाले, आपल्या भजनी मंडळावर नव्हे. आणि मिसळणे म्हणजेच सौंदर्य, असेही नाही. राव्हेलनेच बोलेरोत कित्येकदा एकेका वाद्याला एकटे पुढे आणले आहे. केव्हा मिसळावयाचे नि केव्हा निराळे राहावयाचे, हे कळणे म्हणजेच वाद्यवृंदरचना.

ही विद्या आपल्याला परकी नाही. तबल्याच्या शाईने चामड्याचा बेसूर नाद सुरेल कसा होतो, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० पासून तपासून सिद्ध केले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढणारा मिरजेचा कारागीर हेच काम कानाने करीत आला. आपल्या स्वयंपाकघरातही ते आहेच. आमटीत गूळ निराळा लागू नये, पण वरची फोडणी मात्र निराळी कळली पाहिजे.

तेव्हा मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. भजनाच्या तालमीत भारी आवाजाच्या भगिनींना मागे न ठेवता मध्ये उभे करावे. ओळ उचलताना सर्वांनी एकदम श्वास घ्यावा, म्हणजे सुरुवात एक होईल. आणि कोणाचा आवाज बसत नाही असे वाटले, तर एकीने निकाल देऊ नये. दोघींनी निरनिराळे ऐकावे आणि मग बोलावे. नुसते ओठ हलविण्यास मात्र कोणालाही, विशेषतः आपल्या बालवर्गातील एकाही मुलीला, सांगू नये.

आईला ते स्वागतगीत मी शेवटपर्यंत ऐकविले नाही. ती आता नाही. पण येत्या एकादशीला माझे टाळ दुसऱ्या कोणीतरी धरावेत, अशी माझी इच्छा आहे. मी गाणार आहे.