बर्फाचं छप्पर आणि चाळीची कौलं



मला आठवणी सांगायला बोलावलंय आणि मी बोलणार आहे छपरांबद्दल. हसू नका, शेवटी मी आपल्या शाळेच्या गच्चीवरच येणार आहे.

भूगोलाच्या पेपरात हमखास प्रश्न असायचा. कारणे द्या: खूप बर्फ पडणाऱ्या प्रदेशात घरांची छपरे उतरती असतात. 'बर्फ घसरून जावा म्हणून' असं लिहिलं की बाई दोन गुण द्यायच्या. बाई, त्यातला एक गुण परत करायला आलेय.

२०१४-१५ च्या हिवाळ्यात आम्ही बॉस्टनजवळ राहत होतो. त्या मोसमात तिथे ११०.६ इंच बर्फ पडला, शहराच्या नोंदींतला उच्चांक. आमचं छप्पर चांगलं उतरतं होतं. तरी बर्फ काही घसरला नाही, डांबरी खडबडीत शिंगलांवर ठाण मांडून बसला. आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री, बाहेर सगळं गोठलेलं असताना, हॉलच्या छतातून पाणी टपकायला लागलं.

मी काय केलं असेल? टपकत होतं तिथे सुतळी अडकवली, खाली पातेलं ठेवलं. गिरगावात आमची खोली चाळीच्या शेवटच्या मजल्यावर होती, वर मंगलोरी कौलं. ही आईची युक्ती. थेंब सुतळीवरून गुपचूप उतरतो, शिंतोडे नाहीत, टपटप नाही, झोप लागते. तोवर बाबा बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढलेले असायचे. ते म्हणायचे, गळतं तिथलं कौल बहुधा शाबूत असतं. मांजरीने भलतीकडेच कौल सरकवलेलं असायचं. पाणी तिथून शिरायचं, रिपेवरून दोन-तीन हात वाहत यायचं आणि नेमकं आमच्या गादीवर पडायचं. (प्रोग्रॅममधली चूक शोधताना हे मला आजही उपयोगी पडतं. कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.)

बॉस्टनचा कारागीरही आधी माळ्यावरच गेला. खाली येऊन म्हणाला, छपराला काही झालेलं नाही, तुमचा माळा गरम आहे. मला आधी कळेचना. मग त्याने समजावलं. घरातली ऊब फटींतून माळ्यावर जाते, वरच्या बर्फाचा तळ वितळतो. पाणी उतारावरून वळचणीशी येतं. वळचण भिंतीबाहेर, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. होता होता कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याच्याआड तुंबतं आणि शिंगलांखाली शिरतं, कारण शिंगलं पाणी वाहून जाण्यासाठी असतात, साठवण्यासाठी नव्हे. आमच्याकडे तर न्हाणीघरातला पंखा गरम वाफ घराबाहेर टाकायचं सोडून माळ्यावरच टाकत होता!

म्हणजे घर उबदार हवं असेल तर त्याचं छप्पर थंड राहिलं पाहिजे. फटी बुजवल्या, माळ्याच्या तळाशी उष्णतारोधक थर घातला, वळचणीखालून वारा शिरून आढ्यातून बाहेर पडेल अशी वाट मोकळी केली. शिंगल एकही बदललं नाही. आपल्या कौलांच्या फटींतून हा वारा फुकट खेळायचा. डोंगराळ भागात तर काही पत्र्याच्या छपरांवर बर्फ मुद्दाम अडवतात, एकदम घसरून दारातल्या माणसाच्या डोक्यावर कोसळू नये म्हणून. तर बाई, एक गुण कापा.

आता शाळा. दहावी अ च्या वर्गात फळ्याच्या डावीकडचा तो डाग अजून आहे. दर काही वर्षांनी त्यावर रंग चढतो, पावसाळ्यात तो पुन्हा उगवतो. आपल्या बॅचच्या निधीतून गच्चीवर पत्र्याची शेड घालायची असं ठरत आलंय. माझी विनंती आहे, त्याआधी पाणी कुठून शिरतं ते पाहू. गच्चीचे पाइप बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवायचं. अर्थात इमारत जुनी आहे आणि दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. मला संशय आहे तो टाकीच्या चौथऱ्याचा आणि कठड्याच्या कोपऱ्याचा. डागापासून दोन्ही लांब आहेत, म्हणूनच.

रविवारी सकाळी आठला मी पाहणीला वर जाणार आहे. शिपाईकाकांनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. गच्चीचा तो लोखंडी जिना आपल्याला दहा वर्षं बंद होता, त्यामुळे सोबत यायला कोणी नाही म्हणणार नाही असं वाटतं.