दोन महिन्यांसाठी परदेशी जाताना

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



हळदीकुंकवाला चार शब्द बोलण्याची मला सवय आहे. पण व्याख्यान म्हणून उभी राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "परदेशी थोड्या दिवसांच्या कामाला जाणाऱ्यांचे परवाने." त्या म्हणाल्या, "अहो, हा बायकांचा विषय कसा?" मी म्हटले, आपल्या गल्लीतली घरे मोजा. कुणाचा मुलगा महिनाभर जर्मनीला, कुणाची सून पंधरा दिवस अमेरिकेला. बॅगेत लाडू-चिवडा कोण भरते? आपणच ना? मग त्याच बॅगेतल्या कागदांवर काय लिहिले आहे, हे आपल्याला का ठाऊक नसावे?

यंत्रे तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत मी सव्वीस वर्षे काम केले. बाहेरगावी जाणाऱ्या लोकांचे कागद माझ्या टेबलावरून जात. आज जे सांगणार आहे ते त्या टेबलावर शिकले, आणि त्यातले महत्त्वाचे शिकले ते स्वतःच्या चुकीतून. ती चूक आधी सांगते.

आमचे एक यंत्र जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने घेतले होते. ते बसवून चालू करून द्यायला आमचा एक फिटर जायचा होता. हाताचा हुशार, तोंडाचा सरळ. अर्ज भरताना वरून निरोप आला, "मीटिंगसाठी जातोय असे लिहा, लवकर मिळतो." मी लिहिले. व्हिसाही मिळाला. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले, "कशासाठी आलात?" फिटर खरे तेच बोलला, "मशीन बसवायला." कागदावर मीटिंग आणि बॅगेत डांगरी! त्याचा व्हिसा रद्द झाला, हातात नकाराचा छापील कागद मिळाला आणि पुढच्या विमानाने परत पाठवणी झाली. पाचव्या दिवशी त्याची बायको कचेरीत आली. म्हणाली, "बाई, माझ्या माणसाने काय चोरी केली होती? आळीत लोक विचारतात." मी तिला चहा दिला आणि "होते असे कधीकधी" म्हणून वाटेला लावले. चूक माझ्या हातची आहे, हे तेव्हा माझ्या तोंडून निघाले नाही. आज आपल्या सर्वांसमोर ते सांगते.

आता गंमत अशी, की खरे लिहिले असते तरी तो जाऊ शकला असता. जर्मनीच्या नियमात याची सोय आहे. बोलणी करणे, करार करणे यासाठी येणाऱ्या व्यापारी पाहुण्यांचा एक नियम. आणि परदेशी कारखान्याने विकलेले यंत्र बसवायला किंवा दुरुस्त करायला येणाऱ्या त्याच कारखान्याच्या माणसांचा दुसरा. या दुसऱ्या नियमाप्रमाणे बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत काम करता येते. मात्र मालकाने तिथल्या सरकारी रोजगार खात्याला आधी कळवावे लागते. म्हणजे दार उघडेच होते. आम्हीच खिडकीतून शिरायला गेलो.

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. "कामाला जातो" हे आपण घरात सहज बोलतो. कायद्यात मात्र त्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. सभा, बोलणी, प्रदर्शन, करार हे एक. आणि तिथल्या कारखान्यात वा कचेरीत तिथल्या नोकरासारखे हात चालवणे हे दुसरे. पगार कुठून मिळतो, हेही पाहिले जाते. अमेरिकेचा बी-१ नावाचा व्यापारी व्हिसा असतो. त्यावर बोलणी, परिषदा चालतात. बाहेरून विकत घेतलेले यंत्र, विक्रीच्या करारात तसे कलम असेल, तर बसवूनही देता येते. पण तिथे राहून तिथली रोजची नोकरी करता येत नाही. २०१३ साली आपल्याकडच्या एका मोठ्या संगणक कंपनीने या व्हिसाच्या वापरावरून निघालेल्या प्रकरणात अमेरिकी सरकारला ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. गैरवापराचा आरोप कंपनीने मान्य केला नाही. पण रक्कम भरावी लागली.

त्याहून अलीकडची गोष्ट २०२५ च्या ४ सप्टेंबरची. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात हुंडाई आणि एलजी यांचा बॅटरीचा कारखाना उभा राहत होता. तिथे सरकारी धाड पडली आणि ४७५ लोकांना धरले. त्यांत तीनशेहून अधिक कोरियन होते. त्यांतले कित्येक थोड्या दिवसांच्या व्यापारी व्हिसावर, किंवा इस्टा नावाच्या पूर्वपरवानगीवर आलेले होते. ही इस्टा म्हणजे ज्या देशांच्या लोकांना व्हिसा माफ आहे त्यांनी घरबसल्या काढायची परवानगी. आपल्या पासपोर्टला ती लागू नाही. या कोरियन लोकांना हातकड्या घालून नेल्याची चित्रे साऱ्या जगाने पाहिली. आठवड्याभराने विशेष विमानाने ते घरी परतले. पुढे दोन्ही सरकारांनी बसून, यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम या परवान्यांवर चालते, असे स्पष्ट केले. स्पष्टीकरण आले खरे. पण आधी त्या घरांतल्या आयांनी काय सोसले असेल!

आता दिवसांच्या हिशेबाकडे येते, कारण तो आपल्याही उपयोगाचा आहे. मुलीच्या बाळंतपणाला युरोपात जाणाऱ्या आजीलाही तोच लागू आहे. युरोपातले २९ देश मिळून शेंगेन नावाचे एकच अंगण धरले जाते. त्या अंगणात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजायचे. पुष्कळांना वाटते, एकदा बाहेर पडून परत गेले की नवे ९० मिळतात. तसे मुळीच नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचे खाडे मांडतो ना, तसे मांडावे. समजा, कुणी १ जानेवारीला गेला आणि १ मार्चला परतला. साध्या वर्षात हे ६० दिवस झाले. पुन्हा १ मे रोजी गेला, तर त्याच्यापाशी ३० च दिवस उरले. ३० मे रोजी त्याने निघालेच पाहिजे. पुढचा दिवस त्याला मिळतो तो ३० जूनला, कारण तेव्हा १ जानेवारीचा दिवस मागच्या १८० च्या बाहेर पडतो. रोज मागे वळून १८० दिवस पाहायचे, एवढाच हा हिशेब.

पूर्वी पासपोर्टावर शिक्के असत. एखादा पुसट असे, एखादा राहूनही जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपाने येण्याजाण्याची नोंद यंत्रावर करायला सुरुवात केली आहे. चेहऱ्याचे छायाचित्र घेतात, आणि राहिलेले दिवस यंत्रच मोजते. तेव्हा "दोन दिवसांनी काय होते?" हा आपला लाडका प्रश्न तिथे विचारू नये.

अमेरिकेत निराळी तऱ्हा. व्हिसावर दहा वर्षांची मुदत दिसली म्हणून दहा वर्षे राहता येत नाही. तो केवळ दारापर्यंत जाण्याचा कागद. किती दिवस राहायचे ते दारातला अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत तारीख घालतो. ती तारीख पोचल्याबरोबर पाहून घ्यावी.

आता घरात लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी थोडक्यात सांगते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; अगदी उशिरा म्हणजे १५ दिवस आधी. निकालाला साधारण १५ दिवस, अडले तर ४५ सुद्धा लागतात. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० यूरो झाली. आजारपणाचा विमा निदान ३०,००० यूरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा असावा. ज्या देशात मुख्य काम, त्याच्याकडेच अर्ज करावा. जिथे लवकर मिळतो तिथे नव्हे. आणि एक चांगली बातमी: एप्रिल २०२४ पासून आपल्या लोकांसाठी अशी सोय झाली, की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा, पुन्हापुन्हा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. नियमाने वागलेल्याचे फळ मिळते ते असे.

शेवटचे सांगते. मुलगा किंवा सून निघाली, की लाडवाचा डबा भरण्याआधी तिचे निमंत्रणपत्र वाचायला मागा. त्यात कामाचे खरे स्वरूप आहे का, तारखा आहेत का, खर्च आणि पगार कोण देणार ते लिहिले आहे का? आणि तिला विचारा, "विमानतळावर कुणी विचारले, तर तू काय सांगशील?" तिचे उत्तर आणि कागद एकच असतील, तर खुशाल दहीसाखर हातावर द्या. नसतील, तर वरिष्ठांना विचारण्याचे धैर्य तिला घरातूनच मिळू द्या. तडजोड साहेब करतो, परत पाठवणी मात्र फिटरची होते.

आमच्या त्या फिटरचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दोन वर्षांनी मी त्याचा अर्ज पुन्हा केला. आधीचा नकार लपवला नाही; खरे काम लिहिले, रोजगार खात्याला रीतसर कळवले. तो गेला, यंत्र चालू करून वेळेत परतला. पेढे द्यायला त्याची बायकोच आली. मागच्या वेळचे एक अक्षर तिने काढले नाही. मला मात्र तो पेढा गिळवेना.

 कुणाला कागद दाखवायचे असतील, तर संध्याकाळी चारनंतर माझे दार उघडे आहे. चहाही मिळेल, आणि या वेळी खरे तेच सांगितले जाईल.