औषध नव्हे, विष



आपण म्हणतो, "आज कांद्याला औषध मारायचंय." हा शब्दच घातकी आहे. औषध म्हटले की माणूस निर्धास्त होतो. जहाल डब्यावर मात्र 'विष' असे छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. डबा फोडण्याआधी तेवढे वाचा. डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल रंग सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा. हिरवा त्यांत सौम्य, पण पिण्याजोगा तोही नव्हे!

सन २०१७ ची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. शेतकरी आणि मजूर तिच्यात शिरून फवारत होते. फवारा त्यांच्याच तोंडावर, अंगावर येई. कित्येकांनी दोन-तीन विषे एकत्र कालवली होती. वीसाहून जास्त माणसे दगावली. शेकडो दवाखान्यात पडली. हे विष कोणी प्यायले नव्हते. ते कातडीतून गेले, श्वासातून गेले. पुष्कळांना वाटते, तोंडात गेलं नाही म्हणजे झालं. तसे नाही. अंगभर कपडे घाला, नाकातोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वारा पाठीशी ठेवा.

आता आपल्या येवल्याकडे या. आपण बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावतो. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो. त्या वेळी त्याच फुलातला बी धरणारा भाग तयार नसतो. म्हणून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर न्यावा लागतो. हे काम मधमाशी करते, तेही फुकट! डोंगळे फुललेले असताना सकाळी विष मारले की माश्या मरतात. मग गोंडे दिसतात मोठे, पण आत बी भरत नाही. आणि आपण दोष देतो हवेला. फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदीच अडले, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करा.

पंप ओढ्यात धुऊ नका. राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटे आहेत. ती आणि आपली गुरे उघड्यावरचेच पाणी पितात.

फवारताना घाम सुटला, लाळ गळू लागली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधुक झाले, तर घरी झोपू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा. डबा बरोबर न्या. कोणते विष ते डॉक्टरला त्यावरून कळते.