नावेच्या सामानातील दोन धातू
(बडनेरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बडनेऱ्यास समुद्र नाही. येथे येतात ते लोहमार्ग. मग नावेच्या बोल्टांची कथा येथे कशास, असे कोणी पुसेल. मोर्शीजवळ सिंभोऱ्यास अप्पर वर्धा धरणात मासेमारीच्या नावा चालतात. कोणाचे सोयरे वसईच्या किनाऱ्यास असतील. आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीच्याच पाण्यात मीठ आहे. जो रोग नावेस, तोच तेथील पंपास.

दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात भिजले, की विजेचा घट तयार होतो. 1800 साली इटलीतील व्होल्टा ह्यांनी रुपे व जस्त ह्यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा घालून हीच वीज मुद्दाम काढली. तिची किंमत जस्त आपल्या अंगाने भरते. मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबे अशी समुद्रजलातील पायरी आहे. जोडीतील जो आधीचा, तो झिजतो व दुसऱ्यास राखतो.

इंग्रजांच्या आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ नामक जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला. 1763 साली पाहतात तो ठिकठिकाणी पत्रा सुटलेला व खिळे कुजलेले! मात्र पत्र्यासोबत आलेला तपकिरी कागद जेथे मध्ये राहिला होता, तेथील खिळे धड होते. कागदाच्या त्या कपट्याने जे शिकविले त्याहून अधिक आम्हांस आज सांगावयाचे आहे असे नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरावी. पत्रा विशाल, खिळा इवलासा; म्हणून साऱ्या पत्र्याचा भार एकट्या खिळ्यावर पडला. उलट मोठ्या लोखंडी भागात लहानसा कांस्याचा बोल्ट असेल, तर हानी फार मंद होते. म्हणूनच केवळ लोखंडास रंग देणे घातक ठरते: रंगावर ओरखडा पडला की सगळा मारा त्या ओरखड्यावर. रंग तांब्या-कांस्याच्या भागासही द्यावा. सुकाणूच्या कांस्याच्या बिजागरीत लोखंडी बोल्ट असला, तर त्याचे डोके शाबूत दिसते आणि लाकडातील कंबर गेलेली असते. हे भर वाऱ्यात कळले तर नावेतील माणसांचे काय होईल?

तेव्हा शक्यतो सामान एकाच धातूचे घ्यावे. न जमल्यास मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. पण नुसता वॉशर पुरत नाही, बोल्टाच्या दांड्यासही नळी हवी, नाहीतर तो भोकात टेकतोच. पाण्याखाली पितळी स्क्रू नकोत. त्यातील जस्त निघून जाते, स्क्रू तांबूस होतो आणि पिळताच मोडतो.

पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा तुकडा बांधतात, तो स्वतः झिजून इतरांस वाचवितो. त्यास रंग लावू नये. निम्मा झिजताच बदलावा. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निकामी होते, तेथे मॅग्नेशियम चांगले. समुद्रात मात्र ते भराभर संपते.

ॲल्युमिनियमची होडी असेल तर तळाच्या पाण्यात तांब्याच्या तारेचा तुकडाही पडू देऊ नये. तेवढ्याने तळास भोक पडू शकते. आणि खारपाणपट्ट्यात जस्ताचा मुलामा दिलेल्या नळास पितळी व्हॉल्व्ह थेट जोडू नये; मध्ये वीतभर प्लॅस्टिकचा नळ घालावा.