संभाषणाचे दर आणि माणसांच्या सवयी



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर भ्रमणध्वनीसारखा विषय कशासाठी, असे काहींस वाटेल. परंतु ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी घराणी असोत, की माझ्यासारखे बदलीने आलेले नोकरदार असोत, आपणां सर्वांचे कोणी ना कोणी दूर आहे. कोणाची बहीण साताऱ्यास, तर कोणाचा मुलगा अमेरिकेत. “आधी संदेश पाठवून विचारल्यावाचून मुलाला फोन करता येत नाही, तो दुरावला,” अशी खंत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. या खंतीचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून दरपत्रकात असते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या देशाकडे पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात ही सेवा सुरू झाली. त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटास १६ रुपयांहूनही अधिक आकार पडे, आणि तो फोन घेणाऱ्यासही चुकत नसे. १ मे २००३ पासून येणारा फोन विनामूल्य झाला. सारा भार करणाऱ्यावर आला आणि ‘मिस्ड कॉल’ची युक्ती घरोघर रुजली. एक घंटा म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘तू कर’! आफ्रिकेतील अनेक देशांतही हीच रीत पडली. कारण तेथेही पैसे करणाऱ्याचेच जात.

अमेरिकेची व्यवस्था निराळी. तेथे भ्रमणध्वनीचा क्रमांक घरच्या दूरध्वनीसारखाच दिसतो. आपण कोणत्या यंत्रास फोन लावीत आहोत हे लावणाऱ्यास कळत नाही. मग वाढीव आकार त्याच्या माथी कसा मारावा? म्हणून ज्याने भ्रमणध्वनी बाळगला, त्यानेच येणाऱ्या फोनचाही खर्च सोसावा असे ठरले. साहजिकच लोक आपला क्रमांक जपून देत आणि मनमोकळ्या गप्पा रात्री किंवा शनिवार-रविवारी, जेव्हा बऱ्याच योजनांत मिनिटे मोजली जात नसत, तेव्हा मारीत. जपानात १९९९ साली आय-मोड ही सेवा आली आणि बोलण्यापेक्षा लिहून निरोप धाडणे स्वस्त पडू लागले. तेथील आगगाडीत आजही फोनवर न बोलण्याची विनंती केली जाते.

सीमा ओलांडण्याचेही मोल असे. पुण्याचा क्रमांक घेऊन काशीयात्रेस आलेल्या पाहुण्यास येथे येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून आपल्या ग्राहकांचा हा आकार रद्द केला. युरोपीय संघाने बरोबर दोन वर्षांनी, १५ जून २०१७ रोजी, आपल्या सदस्य देशांत फिरणाऱ्यांचा जादा आकार उठविला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर आपल्याकडे मिनिटे मोजणे जवळजवळ संपले. अमेरिकेतही आता बहुतेक योजनांत ती मोजली जात नाहीत. दर गेले; सवयी मात्र राहिल्या. विचारूनच फोन करावा हा तिकडचा शिष्टाचार झाला आहे. शिवाय येथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला कचेरीची वेळ असते. इकडे आई मात्र दोन वाक्ये बोलून “ठेवते रे, बिल वाढेल” म्हणते, आणि मुलास वाटते, आईला बोलावयाचेच नाही. दोघांच्याही मनात माया आहे. आड येते ते जुने दरपत्रक.

म्हणून माझी विनंती एवढीच की, मुलांनी व आईवडिलांनी आठवड्यातील एक वेळ परस्परांच्या सोयीने ठरवावी आणि ती पाळावी. नातवंडांना त्या वेळी यंत्रापुढे बसवावे आणि त्यांच्याशी मराठीतच बोलावे. त्यांचे शब्द अडखळतील, तर अडखळू द्यावेत. आता मिनिटे मोजावयाची नाहीत; धीराने ऐकण्यास कोणताही आकार पडत नाही.