मागचें ओझें आणि निसरडी वाट

परभणी जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं. कडक हिवाळ्यांतल्या एखाद्या पहाटे येथील पारा पांच अंशांच्याही खालीं उतरतो; तरी रस्ता पांढरा झालेला येथें कोणी पाहिलेला नाहीं. तेव्हां हिमाच्छादित वाटेवरून ओझ्याची गाडी ओढण्याची विद्या हिमालयांतल्या किंवा युरोप-अमेरिकेंतल्या गाडीवानांनीं शिकावी, गोदाकांठच्या ट्रॅक्टरवाल्याला तिचें काय, असें कोणालाही वाटेल. परंतु वाट निसरडी होण्यास बर्फच लागतें असें नाहीं. काळी माती आणि पहाटेचें दंव मिळून तेंच काम तितक्याच चोखपणें करतात.

गोदावरी या जिल्ह्यांतून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा अशी वाहत जाते. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पूर्ण झालें आणि त्याचें कालव्याचें पाणी या बाजूस आलें. उत्तरेकडे जिंतूर तालुक्यांत येलदरीचा जलाशय आहे. पाणी आलें तेथें ऊस आला, आणि ऊस आला तेथें दिवाळीच्या आगेमागे कोयत्याच्या टोळ्या आल्या. तेव्हांपासून उन्हाळा लागेपर्यंत रात्रंदिवस एका ट्रॅक्टरमागें एक आणि पुष्कळदां दोन ट्रॉल्या डोलत डोलत कारखान्याच्या वजनकांट्याकडे जात असतात. शहरांतल्या घरीं चहांत जी साखर विरघळते, तिचा पहिला प्रवास असा होतो.

शेतांतून भरलेली ट्रॉली बाहेर निघते तेव्हां चाकांना मातीचे गोळे चिकटलेले असतात. ही माती साधी नव्हे. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाच्या चिकणखनिजाचें प्रमाण मोठें असतें. पाणी मिळालें कीं तें फुगतें, आणि त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवरून सरकूं लागतात. उन्हाळ्यांत ज्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेंच रान ओलें झालें कीं पाय ठरूं देत नाहीं. हे गोळे डांबरी रस्त्यावर गळतात, येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखालीं पसरतात आणि वाळतात. दिवसा त्यांची नुसती धूळ दिसते. रात्रीं दंव पडतें, नदीकांठीं धुकें उतरतें, आणि त्या धुळीचा साबणासारखा पातळ थर होतो. त्यांत उसाचें पाचट आणि चिरडलेल्या कांड्यांचा रस मिसळला तर बोलायलाच नको. मोठा पाऊस एक वेळ बरा. तो रस्ता धुऊन नेतो. अवकाळी पावसाचा नुसता शिडकावा मात्र घातक. बर्फाच्या देशांतही हाच अनुभव आहे. कडाक्याच्या थंडींतल्या कोरड्या बर्फापेक्षां वितळणबिंदूजवळचें, अंगावर पाण्याचा पातळ पापुद्रा आलेलें बर्फ अधिक निसरडें असतें.

आतां ओझ्याचा विचार. बैलगाडीचा गाडीवान उतार आला कीं खालीं उतरत असे. मागचें वजन जुंवावाटे बैलांच्या मानेवर येई, बैल पाय रोवून गाडी आवरीत, आणि त्यांच्या अंगाचा थरकांप गाडीवानाला डोळ्यांनीं दिसे. ट्रॅक्टर कांहीं बोलत नाहीं. सपाटीवर तो ट्रॉलीला ओढतो. उतारावर किंवा ब्रेक दाबतांच ट्रॉली त्याला ढकलूं लागते. ओढणारा कोण आणि ढकलणारा कोण, हें नातें क्षणांत उलटतें, आणि तें उलटल्याचें हांकणाऱ्याला पुष्कळदां उशीरा समजतें.

एक ढोबळ हिशेब करून पाहावा. समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि मागें उसासह ट्रॉली १० टनांची. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहींत. दुर्दैवानें अशा ट्रॉल्या पुष्कळ दिसतात. म्हणजे १२ टनांना थोपविण्याचें काम २ टनांच्या यंत्राच्या चाकांवर पडलें. त्याचा सर्व भार ब्रेकाच्या चाकांवरच आहे असें उदारपणें धरलें, तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें कोरड्या डांबरावर थांबावयास सुमारें १४ मीटर लागतात. चिखलाच्या थरावर पकड तिसऱ्या हिश्श्यावर आली तर ४० मीटरांहून अधिक. वेग ३० केला तर हेंच अंतर कोरड्या रस्त्यावर ३० आणि निसरड्यावर ९० मीटरांच्या घरांत जातें. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट! आणि यांत पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाहीं. उलट ताशीं १० किलोमीटरांवर निसरड्या वाटेवरही १० मीटरांत गाडी उभी राहते. ट्रॉलीच्या चाकांना ट्रॅक्टरबरोबरच चालणारे ब्रेक असले तर हें सारें चित्र पालटतें. नवी ट्रॉली घेतांना रंगावर आणि नांवाच्या पाटीवर जो खर्च होतो, तो आधीं ब्रेकांवर व्हावा.

ब्रेकाची आणखी एक गोष्ट शहरांतल्यांना ठाऊक नसते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात. तासाच्या टोंकाला चटकन् वळतां यावें म्हणून शेतांत एकच दाबतात. रस्त्यावर येतांना दोन्ही पायपट्ट्या खिटीनें जोडावयाच्या असतात. ती खिटी लावण्याचें विसरून निसरड्यावर एकच पट्टी दाबली गेली कीं ट्रॅक्टर गर्रकन् आडवा होतो. मागची ट्रॉली मात्र सरळच येत राहते, आणि दोहोंचा अडकित्ता मिटतो. त्या अडकित्त्यांत सुपारीच्या जागीं माणूस असतो. जोराचा ब्रेक लावून चाकें जखडलीं तरी हेंच घडतें. अशा वेळीं भीतीनें पाय अधिकच घट्ट होतो. खरें पाहतां तो सैल व्हावयास हवा, म्हणजे चाकें पुन्हां फिरूं लागतील व सुकाणूला वळण घेतां येईल. पण निसटलेला तोल सांवरणें ही थोड्यांनाच साधणारी कला आहे. उतार सुरू होण्यापूर्वींच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या अडवणुकीवर हळूहळू उतरणें कोणालाही साधतें. दक्षिणेकडे बालाघाटच्या आणि उत्तरेकडे जिंतूरच्या बाजूस जेथें चढउतार आहेत, तेथें चार पैशांचें डिझेल वांचावें म्हणून गिअर काढून गाडी सोडून देणारा हांकणारा मागच्या दहा टनांना मोकळें रान देतो.

भार कसा रचला आहे, हेंही तितकेंच महत्त्वाचें. मागें जड झालेली बैलगाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें, हें जुन्या माणसांना सांगावयास नको. दोनचाकी ट्रॉलीचेंही तसेंच. भार मागें गेला कीं तिचा दांडा ट्रॅक्टरची पाठ उचलूं पाहतो, आणि ज्या चाकांच्या पकडीवर सर्व भिस्त तींच हलकीं होतात. याच्या उलट दांड्यावर बेसुमार भार आला, तर चढावर ट्रॅक्टरचें तोंड वर उठतें. पुढचीं चाकें अधांतरीं झालीं म्हणजे सुकाणू हातांत असून नसल्यासारखें. दांडा उंच जागीं अडकविला असेल तर ट्रॅक्टर मागें उलटण्याचीही भीती. म्हणून जोड खालीं असावी, भार दोन्ही बाजूंना सारखा व किंचित् पुढच्या अंगास असावा, आणि मोळ्यांची रास इतकी उंच नसावी कीं रस्त्याच्या कडेला एक चाक खचतांच ती कलंडेल. जोडाची पिन दर खेपेला पाहावी. ती तुटली तरी ट्रॉली सुटूं नये म्हणून निराळी साखळी असावी; ही साखळी चार कड्यांची, पण तिच्यावांचून सुटलेली ट्रॉली कोणाच्या अंगणांत जाईल याचा नेम नाहीं.

हें सगळें ठाऊक असूनही भार वाढतो, याचें कारण अज्ञान नव्हे. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, वजनकांट्यापुढें रांग मोठी असते आणि हप्ता वेळेवर भरावयाचा असतो. ट्रॅक्टर हांकणाऱ्याला नुसता दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाहीं. टनाचा दर ठरविणाऱ्यांनीं खेपेच्या सुरक्षिततेचाही दर ठरवावा.

रात्रीं आणखी एक संकट असतें. चाक फुटलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी करून हांकणारा मदतीला जातो. मागचा दिवा कोठेंच नाहीं, आणि लाल रिफ्लेक्टर उसाच्या शेंड्यांआड गेलेला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत रिफ्लेक्टरची सक्ती आहे. पण तो दिसेल असा राखणें हें नियमाचें नव्हे, हातानें करावयाचें काम आहे. धुक्यांत दुचाकीवरून येणाऱ्याला ती ट्रॉली दहा पावलांवर आल्यावर काळ्या भिंतीसारखी दिसते. चार फांद्या आडव्या टाकण्यापेक्षां बरेंच मागें, वळणाच्याही अलीकडे, दिवा किंवा चमकणारा त्रिकोण ठेवावा. पुष्कळदां टोळींतलीं माणसें, लेंकुरांसकट, मोळ्यांवरच झोंपलेलीं असतात. त्यांनीं भरल्या ट्रॉलीवर बसूं नये, आणि बसविणाऱ्यानें बसवूं नये.

शहरांतून मोटारीनें परभणीकडे निघालेल्यांनीं या दिवसांत एवढें ध्यानांत धरावें कीं पुढें दिसतें तें एक वाहन नसून कदाचित् तीन वाहनांची माळ आहे. ती ओलांडावयास वाटतें त्याहून पुष्कळ लांब मोकळा रस्ता लागतो. आणि ओलांडल्यावर तिच्या पुढ्यांत येऊन एकाएकीं ब्रेक लावूं नये. तिला थांबावयास चाळीस मीटर लागणार आहेत, आणि हांकणाऱ्याची इच्छा कितीही चांगली असली तरी तो तें अंतर कमी करूं शकत नाहीं.