किल्ली कुणाकडं?

चुडाव्याहून बोलतेय. आपल्या गटातली एक ताई पूर्णा रोडला स्कूटीवरून पडली. तेव्हापासून किल्ली मालकांच्या खिशात.

स्पेनची अ‍ॅना कारास्को मोटारसायकलच्या शर्यती खेळते. २०१७ मध्ये पोर्तुगालात पुरुषांना मागं टाकून ती पहिली आली. सर्किटवरच्या जागतिक स्पर्धेतली एकेरी मोटारसायकल शर्यत जिंकणारी ही पहिलीच बाई! पुढच्या वर्षी एका गुणानं विश्वविजेती. २०२० मध्ये सरावात पडली, मणके मोडले, ऑपरेशन झालं. २०२१ मध्ये इटलीत परत जिंकली. २०२४ मध्ये सर्किटवरच्या मोटारसायकल शर्यतींची बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही हिचीच.

पण ती पाठीला कवच, डोक्याला हेल्मेट घालून पळते. आपल्या ताईच्या डोक्याला नुसता स्कार्फ होता. पुढच्या बैठकीत हेल्मेटसाठी अंतर्गत कर्जाचा विषय घेतेय. किल्ली मात्र ताईनंच मागायची.